रूपाभवानीच्या चौकातून उत्तरेकडे

सोलापुरातील भवानी पेठ ही पाहुण्यांना मुद्दाम दाखवावी अशी पेठ नव्हे. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती, आसपासच्या यंत्रमागांची खडखड, मालाने लादलेले टेम्पो आणि त्यांतून वाट काढणाऱ्या दुचाक्या, असा तिचा दिवस असतो. ही सर्व गर्दी मागे टाकून रूपाभवानीच्या मंदिरापाशी आले, की शहराचा जोर ओसरतो आणि तुळजापूरचा रस्ता सुरू होतो. पेठेतील जैन कुटुंबे वर्षातून एकदा तरी या रस्त्याने जातात, ती कुंथलगिरीस. पहाटे गाडी निघते, मुले मागच्या आसनावर झोपी जातात, तामलवाडीच्या टोलनाक्यावर क्षणभर डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात. डोंगरावर दर्शन होते, धर्मशाळेत जेवण होते, सूर्यास्ताच्या बेताने परतीची घाई होते. मधला रस्ता कोणी पाहिलेला नसतो.

व्यापारी घरातील सहलीला दोन बंधने असतात. एक दुकानाच्या सुट्टीचे, दुसरे सूर्यास्ताचे. पहिले अलीकडे थोडे सैल झाले आहे, दुसरे होऊ नये अशीच बहुतेकांची इच्छा असते. त्यामुळे ज्या ठिकाणी सकाळी निघून दिवेलागणीपूर्वी परत येता येईल, तीच ठिकाणे या कुटुंबांच्या खऱ्या उपयोगाची. त्या दृष्टीने पाहिले तर सोलापूरकर श्रावकांइतके भाग्य थोड्यांनाच लाभले असेल. धाराशिवची लेणी, तेर आणि कुंथलगिरी ही तिन्ही स्थाने एकाच दिशेला आहेत आणि त्या दिशेची वाट आपल्या पेठेतून जाते. गड्ड्याच्या जत्रेची आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीची ओळख सोलापूरकरांस करून देण्याची आवश्यकता नाही. जानेवारीत ती जत्रा स्वतःच मुलांना घराबाहेर ओढून नेते. या रस्त्यावरील प्रसंगांसाठी मात्र घरातील थोरांनी पुढाकार घ्यावा लागतो.

पहिला प्रसंग दाराशीच येतो. आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या, म्हणजे कोजागिरीच्या सुमारास सोलापुरातून तुळजापूरकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. दसऱ्यानंतर तुळजाभवानीची मूर्ती निद्रेसाठी पलंगावर असते आणि पौर्णिमेस तिची पुन्हा सिंहासनावर प्रतिष्ठापना होते. त्या दर्शनासाठी सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून लाखो माणसे चालत निघतात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. त्या काळात या मार्गावरील वाहतूक दुसरीकडे वळवली जाते आणि एरवी ट्रक धावतात तो रस्ता माणसांच्या पावलांचा होतो. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसे एकाच संथ गतीने पुढे सरकत असतात. पुष्कळजण अनवाणी असतात. कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया असतात, आणि दरवर्षी येणारे असे वृद्धही असतात, ज्यांना घरच्यांनी नको म्हणून सांगितलेले असते.

जैन कुटुंबांचे या यात्रेशी नाते दर्शनाचे नसले तरी शेजाराचे आहे. जो गुमास्ता वर्षभर पेढीवर बसतो, जो हमाल पोती उचलतो, ज्या विणकराचा माल आपण विकतो, तो त्या रात्री या रस्त्यावर असतो. त्याच्यासाठी रस्त्याकडेला पाणी, औषध, पायांना लावायला तेल अशी सेवा अनेक मंडळी करतात आणि त्यांत आपलाही हात असावा हे स्वाभाविक आहे. अडचण येते ती अन्नाची. रात्री आपण जेवत नाही, मग दुसऱ्यास रात्री जेवू घालणे कारित आणि अनुमोदनेच्या दोषात येते की नाही, याविषयी एका घरातही एकमत नसते. आजोबांचे मत एक, नातवाचे दुसरे. त्यावर निवाडा देण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु केळी आणि राजगिऱ्याचे लाडू दिवसाउजेडी वाटावेत आणि अंधार पडल्यावर गाळलेले पाणी, मलम व पट्ट्या घेऊन बसावे, ही तोड कोणालाही मान्य व्हावी. कोजागिरीचे मसाला दूध मध्यरात्री पिण्याची शेजारची प्रथा आपल्या घरी नाही, याची खंत मुलांना वाटते. त्या रात्री मुलाच्या हाती पाण्याचा तांब्या देऊन त्याला रस्त्यावर उभे केले, तर ती खंत टिकत नाही, असा अनुभव सांगणारे पालक भेटतात.

याच रस्त्यावर पायी चालणारे आणखी एक दृश्य आहे, आणि ते अधिक आपले आहे. चातुर्मास संपला की मुनिसंघांचे विहार सुरू होतात. कुंथलगिरीकडे जाणारा किंवा तिकडून येणारा संघ असला, म्हणजे पहाट उजाडल्यावर त्यासोबत काही अंतर चालण्याची संधी मिळते. दहा-बारा किलोमीटरचा एक टप्पा प्रकृती बरी असलेल्या कोणासही झेपतो. पुढच्या मुक्कामी चौका लावणाऱ्या स्त्रिया आधीच निघून गेलेल्या असतात, मागे सामानाची गाडी हळूहळू येत असते, आणि मध्ये मुनिराज चार हात जमीन न्याहाळत पाऊल टाकत असतात. ईर्यासमिती हा शब्द पाठशाळेत मुलांकडून घोकून घेतला जातो. त्याचा अर्थ मात्र अशा एका सकाळी, कोणी न सांगता, मुलाला कळतो. मुंगी दिसली म्हणून पाऊल थांबते आणि त्याच क्षणी शेजारून शंभराच्या वेगाने मोटार जाते.

या मोटारीचा विचार गांभीर्याने करावयास हवा. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्यापासून प्रवास सुखाचा झाला, पण पायी चालणाऱ्यासाठी हा रस्ता पूर्वीपेक्षा धोक्याचा झाला आहे. विहारातील साधू-साध्वींना वाहनांनी धडक दिल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात आणि प्रत्येक वेळी समाज हळहळतो. हळहळ पुरेशी नाही. विहारात सामील होणाऱ्या तरुणांनी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने संघास चालू द्यावे, पुढे-मागे चमकणारे जाकीट घातलेला आणि झेंडा धरलेला एकेक स्वयंसेवक ठेवावा, धुके असल्यास थोडे थांबण्याची विनंती करावी, आणि सोबतच्या गाड्यांनी रस्त्यावरच उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. शेवटची सूचना सर्वांत कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे.

शहरातून निघाल्यावर लवकरच हिप्परग्याचा तलाव लागतो. एकरूख तलाव हे त्याचे दुसरे नाव. आदिला नदीवर बांध घालून इंग्रजी अमदानीत, १८७१ साली तो पूर्ण झाला. हिवाळ्यात येथे दूरदेशींचे पक्षी उतरतात. सकाळी अर्धा तास थांबावे, एखादी दुर्बीण जवळ असावी, आणि पक्ष्यांना काही खाऊ घालण्याचा मोह टाळावा.

पुढे बालाघाटाची चढण, मग तुळजापूर, मग धाराशिव. २०२३ पासून शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले, परंतु जैन वाङ्मयाच्या वाचकांना हे नाव लेण्यांमुळे आधीपासून ठाऊक होते. शहरालगतच्या डोंगरात, एका घळीच्या कडेने ही लेणी कोरलेली आहेत. मुख्य लेण्यात मोठा सभामंडप आहे, भोवती खोल्या आहेत आणि गाभाऱ्यात भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ही लेणी प्रथम बौद्धांची होती आणि मागाहून जैनांची झाली, की आरंभापासूनच जैन होती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ते मतभेद मनात ठेवून पाहिले तरी दर्शनास बाधा येत नाही. खडक काळाने झिजला आहे, काही भाग ढासळले आहेत. कुंथलगिरीच्या मानाने येथे येणारे श्रावक अगदी थोडे.

या लेण्यांची एक कथा आहे आणि ती मुलांना जागेवरच सांगावी अशी आहे. कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. त्यात राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर असताना तेरापूरजवळ येतो. डोंगरातील एका वारुळाकडे रोज एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो व त्याची पूजा करतो, असे त्याला कळते. तेथे खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. लेण्यातील मूर्तीच्या आसनावर एक गाठ असते. ती शोभत नाही म्हणून राजा फोडावयास सांगतो, आणि घाव बसताच आतून पाण्याचा झोत उसळून सारे लेणे भरून जाते. शिल्पकाराने ती गाठ उगीच ठेवली नव्हती, हे राजाला उशिरा उमगते. पुढे तो स्वतः आणखी लेणी कोरवतो. घरातील जुनी व्यवस्था शोभत नाही म्हणून एका दिवसात मोडायला निघालेल्या तरुण मालकांना ही कथा कदाचित अधिक लागू पडेल.

‘करकंडचरिउ’चे संपादन डॉ. हिरालाल जैन यांनी केले. १९३४ साली ते कारंजा येथील ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले आणि काव्यातील तेरापूरची लेणी म्हणजेच धाराशिवची लेणी, हा मेळ त्यांनीच घालून दाखवला. हेच हिरालाल जैन पुढे डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यासह सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे प्रधान संपादक झाले. म्हणून या सहलीचा आरंभ खरे तर गाडीत बसण्यापूर्वी, फलटण गल्लीत करावयास हवा. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचेच. संसारातून मन विरक्त होऊ लागल्यावर आपले न्यायाने मिळवलेले धन कशासाठी खर्चावे, हा प्रश्न घेऊन ते देशभर फिरले आणि विद्वानांची मते त्यांनी विचारली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथ येथे त्यांनी विद्वानांची सभा भरवली. तीतून जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला. आरंभी त्यांनी ३०,००० रुपये दिले आणि १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता संघाच्या स्वाधीन केली. ग्रंथमालेचे पहिले पुष्प ‘तिलोयपण्णत्ती’, त्याचा पहिला भाग १९४३ चा. आज जगभरातील ग्रंथालयांत या ग्रंथांवर ‘सोलापूर’ हे नाव छापलेले आढळते, आणि सोलापुरातील कित्येक जैन घरांत त्यांतील एकही ग्रंथ नसतो. १६ जानेवारी १९५७ रोजी जीवराजभाईंनी समाधिमरण साधले. त्यांच्या कार्याची ओळख मुलांना करून द्यावयाची असेल, तर एखादी सकाळ त्यासाठी काढणे सहज शक्य आहे. गाडीचीसुद्धा गरज नाही.

कथेतील तेरापूर म्हणजे आजचे तेर. धाराशिवहून ईशान्येकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर, तेरणा नदीकाठी. वारकऱ्यांना ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून प्रिय आहे. आपल्यासाठी येथे भगवान महावीरांचे मंदिर असलेले अतिशय क्षेत्र आहे. आणि व्यापाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे आणि बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. त्यात दक्षिणेतील दोन मोठ्या बाजारपेठा येतात, पैठण आणि तगर. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजे तेर. येथून साधे कापड, तलम मलमल आणि इतर वस्त्रे गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात आणि तेथून जहाजांत चढत. कापडाच्या धंद्यावर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाने हे वाचून क्षणभर थांबावे. येथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळातील मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, भांडी जपून ठेवली आहेत. शाळकरी मुलांसाठी एक तास पुरे. ज्यांच्या घरी चार पिढ्यांच्या वह्या सांभाळलेल्या आहेत त्यांना दोन तास लागतील. संग्रहालयाची सुट्टी कोणत्या दिवशी असते, याची चौकशी आधी करावी.

महामार्गावर परत आले की येडशी. तेथे रामलिंगाचे देऊळ दरीत आहे आणि पावसाळ्यात भोवतालचे अभयारण्य हिरवेगार होते. सीतेला सोडवताना जटायू येथे पडला, अशी स्थानिक श्रद्धा आहे. रामकथेचा हा धागा लक्षात ठेवावा, कारण याच रस्त्याने पुढे गेल्यावर तो पुन्हा हाती येतो. येरमाळा, तेरखेडा मागे टाकून सरमकुंडी फाट्यावर वळले, की कुंथलगिरीचा डोंगर दिसू लागतो.

जैन पुराणांप्रमाणे वनवासात राम, लक्ष्मण आणि सीता वंशस्थल पर्वताजवळ आले, तेव्हा गावकरी संध्याकाळ होताच गाव सोडून पळताना त्यांना दिसले. रात्री डोंगरावर भयंकर आवाज होतो, असे ते सांगत. राम दोघांसह वर चढला. तेथे देशभूषण आणि कुलभूषण हे दोन मुनी ध्यानस्थ होते आणि पूर्वजन्मीचा वैरी त्यांना उपसर्ग करीत होता. रामाने तो दूर केला आणि मुनींना केवलज्ञान झाले. त्यांचे निर्वाण या डोंगरावर झाले, म्हणून हे सिद्धक्षेत्र. निर्वाणकांडात त्याचे स्मरण आहे.

हे दोघे भाऊ विरक्त का झाले, हे मात्र दर्शनाच्या घाईत सांगायचे राहून जाते. दोघे राजपुत्र लहानपणापासून गुरूकडे शिकत होते. घरचे कोणी त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. शिक्षण पुरे करून परतताना वाड्याच्या झरोक्यात एक कन्या दिसली आणि दोघांच्याही मनात एकाच वेळी अभिलाषा उत्पन्न झाली. तिच्यासाठी एकमेकांचा जीव घेण्यापर्यंत विचार गेले. तेवढ्यात स्तुतिपाठकाच्या तोंडून कळले, की ती त्यांचीच धाकटी बहीण आहे. दोघांनी तेथूनच वनाची वाट धरली. एका घरात वाढलेले दोन भाऊ एकाच वस्तूसाठी एकमेकांचे वैरी होतात, हे व्यापारी कुटुंबांना पुराणातून शिकण्याची गरज नसते. वाटणीच्या वर्षात अनेक घरे हे पाहतात. वाटणीनंतर अबोला धरलेले भाऊ या डोंगराच्या पायऱ्यांवर वेगवेगळ्या वेळी चढताना दिसतात, तेव्हा वरच्या मंदिरात शेजारी शेजारी असलेल्या त्या दोन प्रतिमांकडे पाहणे त्यांना सोपे जात नसावे.

कुंथलगिरीस जाण्यासाठी वर्षातील कोणताही दिवस चालतो, पण एक दिवस विशेष आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी दृष्टी मंदावल्यावर, व्रतांचे निर्दोष पालन होणार नाही हे जाणून, १९५५ साली येथे सल्लेखना धारण केली. उपोषणाच्या छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर रोजी सकाळी त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत हजारो श्रावक या आडगावी येऊन राहिले होते. तिथी भाद्रपद शुद्ध द्वितीया. दशलक्षण पर्व त्यानंतर तीनच दिवसांनी सुरू होते, त्यामुळे दुकान, उपवासांची तयारी आणि मंदिराची व्यवस्था यांत ही तिथी हातून निसटते. ती निसटू देऊ नये. ज्यांच्या घरी त्या काळी कुंथलगिरीस गेलेले कोणी वृद्ध आजही हयात असतील, त्यांना सोबत न्यावे. पायऱ्या चढवत नसतील तर पायथ्याशी बसवून त्यांच्याकडून ऐकावे आणि कोणीतरी ते लिहून घ्यावे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. एका दिवसात लेणी, तेर आणि कुंथलगिरी तिन्ही करू नयेत, धावपळ होते आणि एकही पदरात पडत नाही. लेणी आणि तेर ही हिवाळ्याची एक सहल, कुंथलगिरी दुसरी. शिदोरीत दशम्या, कडक भाकरी आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी असावी. सोलापूरची शेंगाचटणी लसणावाचून अपुरी, असे म्हणणाऱ्यांनी ती एकदा खाऊन पाहावी. पाणी घरूनच गाळून न्यावे, लेण्यांजवळ सोय मिळेलच असे नाही. कुंथलगिरीच्या पायऱ्या ऊन तापण्यापूर्वी चढाव्यात आणि भोजन धर्मशाळेत घ्यावयाचे असल्यास आदल्या दिवशी कळवावे. सरमकुंडी फाट्यावरचा पेढा प्रसिद्ध आहे आणि भूम भागाचा खवा तर त्याहून. तो घेताना कधी तयार झाला हे विचारून घ्यावे, म्हणजे मर्यादेच्या प्रश्नावरून घरी आल्यावर आजींशी वाद होणार नाही. परतीस चारच्या सुमारास निघावे. तुळजापूरच्या अलीकडे एखाद्या झाडाखाली सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकले, की घाट उतरताना घाई राहत नाही.

पौर्णिमेच्या आसपास हा रस्ता बंद असतो, हे मात्र विसरू नये. त्या दिवसांत गाडी घरीच ठेवावी.